पिरानेसीचा एक सुटा खंड : छपाई नक्की केव्हाची, आणि पाने सुटी करावीत का?

मामांची भाची, पुणे

नमस्कार. माझे मामा मुंबईत बरीच वर्षे वास्तुकला शिकवत असत. गेल्या वर्षी ते गेले आणि त्यांचे पुस्तकांचे कपाट मी व माझा धाकटा भाऊ अशा दोघांकडे आले. त्यात एक ग्रंथ एवढा जड आहे की तो एकटीने टेबलावर ठेवणे मला जमत नाही. उंची अर्ध्या मीटरहून थोडी अधिक, पाठ आणि कोपरे चामड्याचे, बाजूंना अबरीचा कागद. शीर्षकपान गहाळ आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला मामांच्या अक्षरात पेन्सिलीने ‘पिरानेसी, खंड 3, 1756?’ (पिरानेसी म्हणजे अठराव्या शतकात रोमची चित्रे तांब्यावर कोरणारा कलावंत) एवढेच लिहिलेले आहे आणि त्या प्रश्नचिन्हामुळेच हा धागा काढते आहे.

आत रोमच्या परिसरातील प्राचीन थडग्यांची चित्रे आहेत आणि त्यांखालचा इटालियन मजकूरही चित्रातच कोरलेला आहे. शेवटाकडे एका प्रचंड गोल थडग्याची पाने येतात, आणि त्यांच्यापाठोपाठ दगड उचलण्याची लोखंडी अवजारे जवळजवळ पान भरून काढलेली दिसतात. त्या पानाच्या समासात मामांनी पेन्सिलीने बारीक आकडे लिहिले आहेत. ते मला अजून उलगडलेले नाहीत.

मुंबईतील एका विक्रेत्याला आम्ही ग्रंथ दाखवला. त्यांनी चार-पाच पाने उलटली, ‘1756 ची पहिली आवृत्ती’ असे सांगितले आणि दर पानाप्रमाणे किंमत लावून, पाने आम्हीच व्यवस्थित कापून घेऊ, असेही सुचवले. भावाला तो व्यवहार पटला आहे. पुस्तक कपाटात पडून राहण्यापेक्षा चौकटीत बसून चार भिंतींवर दिसलेले बरे, असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. तरीही कापण्याचा शब्द ऐकल्यापासून माझे मन घट्ट होत नाही. छपाई 1756 चीच आहे का, हे घरच्या घरी कसे तपासावे? पाने सुटी केल्याने नक्की काय जाते? काही पानांवर तपकिरी ठिपके आले आहेत आणि खालचे कोपरे कसरीने खाल्ले आहेत. त्यांचे काय करावे?

जलचिन्ह

ताई, आपल्या मामांनी प्रश्नचिन्ह अगदी योग्य जागी घातले आहे. या ग्रंथाच्या बाबतीत शीर्षकपानावरचे वर्ष आणि हातातल्या कागदाचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शीर्षकपान असते तरी मी आपल्याला कागदच तपासायला सांगितले असते.

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी 1720 मध्ये व्हेनिसच्या राज्यात मोल्यानो येथे एका पाथरवटाच्या घरी जन्मला. त्याचे मामा व्हेनिसच्या जलव्यवस्थेच्या खात्यात अभियंता होते आणि बांधकामाचे पहिले धडे त्याने त्यांच्याकडेच घेतले. 1740 मध्ये तो रोमला आला, जुसेप्पे वाझी यांच्याकडे तांब्यावर एचिंग, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापणे, शिकला आणि 1778 मध्ये वारला तोपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य रोममध्येच गेले. ‘आन्तिकिता रोमाने’ म्हणजे रोमचे प्राचीन अवशेष हा त्याचा चार खंडांचा ग्रंथ 1756 मध्ये निघाला. त्यात तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली दोनशेहून अधिक चित्रे आहेत. पहिल्या खंडात नगराच्या तटभिंती, जलवाहिन्या, स्नानगृहे आणि फोरम म्हणजे नगरचौक. दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत थडगी. चौथ्यात पूल, नाट्यगृहे आणि सम्राट हेड्रियनची समाधी. तेव्हा मामांनी लिहिलेला ‘खंड 3’ आपल्या वर्णनाशी जुळतो.

अडचण पुढे सुरू होते. छापखान्यात खिळे जुळवून केलेले पुस्तक एकदा छापले की खिळे मोडून टाकतात, पण तांब्याचा पत्रा राहतो, आणि तो राहतो तोवर त्यावरून ठसे निघत राहतात. पिरानेसीनंतर पत्रे मुलांकडे गेले आणि थोरला मुलगा फ्रान्चेस्को याने 1784 मध्ये हा ग्रंथ पुन्हा काढला. 1799 मध्ये रोममधील अल्पजीवी प्रजासत्ताक कोसळल्यावर हे भाऊ पत्र्यांसह पॅरिसला गेले आणि 1800 पासून तेथे संपूर्ण संग्रह छापू लागले. त्यांच्यानंतर पत्रे फिर्मँ-दिदो या पॅरिसच्या प्रसिद्ध मुद्रकांकडे आले, त्यांनी 1835 ते 1839 या काळात पुन्हा सर्व खंड काढले. आणि मग पोप सोळावे ग्रेगरी यांच्या कारकिर्दीत ते विकत घेऊन रोमला परत आणले गेले. आज ते रोमच्या केंद्रीय मुद्राचित्र संस्थेत जपलेले आहेत. म्हणजे 1756 मध्ये कोरलेल्या त्याच पत्र्यांवरून निघालेला ठसा शंभर वर्षांनंतरचाही असू शकतो, आणि चित्र वरवर पाहून ते कळत नाही. चार-पाच पाने उलटून कोणी वर्ष सांगत असेल तर त्या वर्षावर विसंबू नये.

आता तपासणी. सकाळी उजेड चांगला असताना एकेक पान अलगद उभे धरून खिडकीसमोर आणा. कागदात सुमारे अडीच-तीन सेंटीमीटर अंतरावर समांतर रेषा आणि त्यांना काटकोनात अगदी जवळजवळ बारीक रेषा दिसल्या तर तो साच्यातल्या तारांचा जुना हातकागद समजावा. मग रिकाम्या जागेत जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली आणि उजेडासमोर दिसणारी खूण, शोधा. पिरानेसीच्या हयातीतल्या आणि त्याच्या मुलांच्या रोममधील छपाईत वर्तुळातले, विशेषतः दुहेरी वर्तुळातले, लिलीचे फूल वारंवार आढळते. कागदात कोणत्याच रेषा नसतील, तो सर्वत्र सारखा गुळगुळीत असेल, तर बहुधा तो पॅरिसचा किंवा त्याहून अलीकडचा ठसा असतो. पॅरिसच्या छपाईत पत्र्यांच्या वरच्या कोपऱ्यांत नवे क्रमांक कोरलेले असतात, ते मूळच्या रोमन आकड्यांपेक्षा वेगळे, आपण नेहमी वापरतो त्या पाश्चात्त्य आकड्यांत असतात, तेही पाहा. एखाद्या पानाच्या कडेला शाईविना उठवलेला संस्थेचा शिक्का असेल तर ते पान रोमला परतल्यानंतरचे.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती पहिल्या खंडाची असली तरी हे पत्रे किती बोलके आहेत ते तिच्यावरून कळते. ग्रंथ मुळात आयरिश उमराव लॉर्ड चार्लमाँट यांना अर्पण केलेला होता. त्यांच्याकडून कबूल केलेले साहाय्य आले नाही, तेव्हा पिरानेसीने अर्पणपत्रिकेच्या पत्र्यावरील नाव खरवडून काढले, तेथे नवा लेख कोरला आणि 1757 मध्ये आपली बाजू मांडणारा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध केला. त्यामुळे पहिला खंड हाती असेल तर त्या एका पानावरून बरेच काही ठरते. आपल्याला मात्र कागदावरच भिस्त ठेवावी लागेल.

एचिंगवाला

वरील माहितीत मुद्राचित्र करणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. मी कलाशाळेत एचिंग शिकलो आणि अजूनही स्वतःचे पत्रे छापतो.

सर्वांत आधी हे ठसे पत्र्यावरूनच निघालेले आहेत की छायाचित्रावरून, ते पाहा, कारण पिरानेसीची पुनर्मुद्रणे विसाव्या शतकात अमाप निघाली. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. करडा भाग सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांचा बनलेला दिसला तर विषय तेथेच संपला. खऱ्या एचिंगमध्ये ठिपके नसतात, प्रत्येक छटा रेषांचीच असते. दिवा पानाच्या कडेला, कागदाच्या पातळीत ठेवून पाहिले की गडद रेषांवर शाईचा किंचित उठाव दिसतो, कारण दाबाखाली कागद पत्र्याच्या खाचेत शिरून शाई उचलत असतो. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला आयत असतो. परंतु तो मुद्दाम खोटाही उठवता येतो, म्हणून केवळ त्यावर निष्कर्ष काढू नये.

ठसा लवकरचा की उशिराचा, हे रेषांवरूनही थोडेफार कळते. पत्र्यावर मेण-राळेचा लेप देऊन त्यात सुईने रेषा काढतात आणि मग आम्लात बुडवतात. जिथे तांबे उघडे तिथे आम्ल खाते. पिरानेसी हे एकदाच करून थांबत नसे. दूरच्या भिंतीच्या रेषा पुरेशा खाल्ल्या गेल्या की त्या झाकायच्या, पुन्हा आम्ल द्यायचे, पुन्हा झाकायचे, असे करत तो जवळच्या दगडाच्या सावलीपर्यंत येई आणि ती सावली जवळजवळ खड्ड्याएवढी खोल करी. पत्रा छापखान्यात झिजतो तेव्हा आधी जातात त्या या दूरच्या, उथळ रेषा. म्हणून आकाश, ढग आणि क्षितिजावरची झाडी पाहा. ती जागच्या जागी, चंदेरी आणि नाजूक असेल, तर ठसा पत्रा ताजा असतानाचा. आकाश पांढरे पडून पुढचा दगड तेवढा काळाकुट्ट राहिला असेल, तर पत्र्याने बरीच वर्षे काढली आहेत. आपल्याकडचे दोन ठसे शेजारी ठेवून ही परीक्षा जमणार नाही. मोठ्या संग्रहालयांनी आपल्या प्रतींची उत्तम छायाचित्रे खुली केलेली आहेत, त्यांच्याशी पडताळा.

दगड आणि चुना

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. मी वास्तुविशारद आहे, जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामे करतो, आणि रोमला जाऊन यातल्या काही जागा पाहून आलो आहे.

पिरानेसीची ‘वेदूते’ म्हणजे रोमची दृश्यचित्रे मुळात सुटी विकली जात. त्यांवर पत्ता आणि अडीच पाओली (तेव्हाचे रोमचे नाणे) ही किंमतसुद्धा कोरलेली असे. प्रवाशाने एक-दोन घ्यावीत, घरी नेऊन लावावीत. तशी चित्रे कोणी चौकटीत बसवली तर त्यात त्यांचा अवमान नाही. ‘आन्तिकिता’ची गोष्ट निराळी आहे. येथे तो आधी बाहेरून वास्तू दाखवतो, मग तिचा आराखडा, मग उभा छेद, मग कोनाडे, अस्थिकलश, शिलालेख, आणि शेवटी भिंत कशी रचली तेही. अक्षरे घालून केलेल्या नोंदी एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जातात. हे त्याचे रोमन बांधकामाविषयीचे प्रतिपादन आहे आणि ते पानांच्या क्रमातून उभे राहते. विक्रेता मोठी दृश्ये विकेल, आणि आराखडे, विटांचे थर व कलशांची पाने भिंतीवर कोणाला नको असतात, म्हणून ती बाजूला पडतील.

आपल्या गोल थडग्याचेच पाहा. ते चेचिलिया मेतेल्ला हिचे असावे. आप्पियन मार्ग या प्राचीन राजरस्त्यावर, रोमच्या दक्षिणेला, चौकोनी पायावर सुमारे साडेएकोणतीस मीटर व्यासाचा दगडी नळकांड्यासारखा भाग आजही उभा आहे. शिलालेखानुसार ती क्रेतिकुस या सेनापतीची मुलगी आणि क्रास्सुस या धनाढ्य रोमन पुढाऱ्याच्या घरातली सून. तिच्याविषयी याहून फारसे काही उरलेले नाही. वरच्या पट्टीत बैलांच्या कवट्या कोरल्या आहेत, म्हणून लोक त्या जागेला ‘कापो दि बोव्हे’, बैलाचे डोके, म्हणू लागले. मध्ययुगात काएतानी घराण्याने ते आपल्या गढीचा बुरूज करून टाकले आणि त्यामुळेच ते वाचले असे म्हणायला हरकत नाही. सगळे जण ही वास्तू बाहेरून काढत आले. पिरानेसी बाहेरून काढून थांबला नाही. एवढाले ट्रॅव्हर्टिनचे, म्हणजे एका प्रकारच्या चुनखडीचे, दगड वर कसे नेले, हा प्रश्न त्याने स्वतःला घातला, आणि आपण सांगता ते अवजारांचे पान म्हणजे त्याचे उत्तर आहे.

ते अवजार नीट पाहा. दगडाच्या माथ्यावर तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच कोरतात. तीत आधी दोन बाजूंचे तिरपे लोखंडी तुकडे सोडतात, मग मधला सरळ तुकडा ठोकतात, आणि तिन्हींच्या डोक्यांतून एक खिळा आरपार घालून वर कडी अडकवतात. दोर ओढला की तुकडे खाचेत अधिकच आवळतात. दगडाला बाहेरून दोर गुंडाळावा लागत नाही, म्हणून तो शेजारच्या दगडाला अगदी भिडवून बसवता येतो. पाथरवटाच्या मुलालाच हे पान भरून काढावेसे वाटले, यात मला नवल वाटत नाही. उद्या हे पान एका घरात आणि थडग्याचे पान दुसऱ्या घरात गेले, तर अवजार कोणत्या दगडासाठी होते हेच कोणाला कळणार नाही.

याच खंडात पहिला रोमन सम्राट आउगुस्तुस याच्या परिवारातील मुक्त दासांच्या आणि सेवकांच्या दफनगृहाचीही पाने असतात. 1726 मध्ये आप्पियन मार्गालगत ते उघडकीस आले आणि पुढे त्याचा बराचसा भाग नष्ट झाला. त्या भिंतींतले कबुतरखान्यासारखे कोनाडे आज आपण पाहतो ते मुख्यत्वे अशा चित्रांतूनच.

एक सावधगिरीचा शब्द मात्र द्यायला हवा. पिरानेसी मोजमापे घेई, तरी माणसे मुद्दाम लहान काढून भिंती उंच करी, आणि चौथ्या खंडात हेड्रियनच्या समाधीचा पाया त्याने जमिनीखाली जसा उतरवला आहे, तसा तो कोणी पाहिलेला नाही. पहिल्या खंडात त्याने सेव्हेरस घराण्याच्या सम्राटांच्या काळातील संगमरवरी नगर-नकाशाचे तुकडे आपल्या रोमच्या नकाशाभोवती मांडले. 1562 मध्ये सापडलेल्या त्या नकाशाचा अवघा दहावा हिस्सा उरलेला आहे, आणि बाकीचे नगर पिरानेसीने तर्काने भरण्याचा प्रयत्न केला. ते मूळ तुकडे 2024 पासून रोमच्या चेलिओ टेकडीवरील नव्या संग्रहालयात काचेच्या जमिनीखाली मांडले आहेत. मी ते पाहिले तेव्हा त्या काचेवरून चालायला धीर होत नव्हता.

कागद-संवर्धक

थोडक्यात लिहिते. ग्रंथ उभा ठेवू नका. एवढ्या वजनाचा कागद पाठीपासून ओघळतो. आडवा, आम्लविरहित कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर असलेल्या कपाटात ठेवा. डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाची पाने पानांच्या आत घालू नका, त्यांचे डाग पडतात. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ आणि कसरीची घाण पाठीकडून बाहेर, अशी झाडून घ्या. तपकिरी ठिपक्यांना घरी हात लावू नये. ब्लीचने पांढरे केलेले ठसे मी पाहिले आहेत, त्यांत कागदाचा जीव गेलेला असतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांचे नावही नको. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे, तेथे सल्ला विचारता येईल.

मामांचे पेन्सिलीचे आकडे कोणीही, कितीही आग्रहाने सांगितले तरी, खोडू नका. आणि परदेशातील लिलावाचा विचार मनात आला तर 1972 चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आधी समजून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची मुभा खाजगी व्यक्तीला नाही, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा केल्याशिवाय पार्सल करू नये.

मामांची भाची, पुणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार सकाळी भाऊ आणि मी मिळून ग्रंथ पाहिला. तो पान धरत असे आणि मी वहीत टिपत असे. सगळ्या पानांत तारांच्या रेषा आहेत. पाच पानांवर दुहेरी वर्तुळातले लिलीचे फूल स्पष्ट दिसले, आणखी दोन पानांवर ते शाईच्या आड गेले आहे. पाश्चात्त्य आकड्यांतला क्रमांक किंवा शिक्का कोठेही नाही. भिंगाखाली ठिपके नाहीत. थडग्यामागचे ढग मात्र संग्रहालयाच्या छायाचित्रापेक्षा थोडे पुसट वाटले.

जलचिन्ह

मग ही रोममधील, 1799 पूर्वीची छपाई आहे असे मी खात्रीने म्हणेन. ढग पुसट आहेत, त्यामुळे 1756 च्या पहिल्या हप्त्यापेक्षा ती नंतरची असावी, कदाचित फ्रान्चेस्कोच्या वेळची. जलचिन्हाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून कळवा. अभ्यासकांनी अशा खुणांची मापे नोंदवून ठेवली आहेत, त्यांवरून वर्षांचा पल्ला आणखी आवळता येईल.

मामांची भाची, पुणे

मापे घेऊन येत्या आठवड्यात येथेच लिहीन. पाने कापायची नाहीत, एवढे आमचे ठरले आहे. विकायची वेळ आलीच तर सबंध ग्रंथ जाईल, आणि त्याविषयी भावाचे मत अजून माझ्यापेक्षा वेगळे आहे.

समासातल्या आकड्यांचा उलगडा त्यालाच झाला. तो पुलांच्या बांधकामावर काम करतो. पानाखाली रोमन पाल्मांची मोजपट्टी आहे, आणि मामांनी एक पाल्म म्हणजे 22.3 सेंटीमीटर धरून एका दगडाची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये आणली होती. त्यांचा गुणाकार करून पुढे त्या दगडाचे वजन काढले आहे आणि वजनाच्या आकड्यासमोर पुन्हा एक प्रश्नचिन्ह आहे. भावाने ट्रॅव्हर्टिनची घनता शोधून गणित नव्याने केले. मामांनी साध्या काळ्या दगडाची घनता घेतली होती, म्हणून त्यांचे वजन थोडे जास्त आले होते. नवा आकडा त्याने पुस्तकात लिहिला नाही. वेगळ्या कागदावर लिहून तो कागद त्या पानापाशी ठेवावा का, एवढे कागद-संवर्धक ताईंनी सांगावे.